आधी मला सांगायचं होतं, रशीदभाई

रशीदभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी तळोज्यातल्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये जुन्या रोबोचा भाव करत उभी होते. जुनी मशिनं घ्यायची, दुरुस्त करायची आणि छोट्या कारखान्यांना विकायची, हा माझा धंदा. फोन त्यांच्या बायकोचा होता, जुबेदाभाभींचा. "सुमनताई, हे गेले..." एवढंच त्या बोलल्या. पुढे दुसऱ्या कुणीतरी फोन हातात घेऊन दुपारी दफन असल्याचं सांगितलं. मी फोन पर्समध्ये टाकला. समोरच्या मालकाला वाटलं, त्याचा आकडा ऐकून माझं तोंड असं झालंय. मी काही बोलायच्या आत त्याने स्वतःच भाव खाली आणला. मी मान हलवली. एवढा स्वस्त सौदा मी आयुष्यात केला नव्हता, तोही तोंडातून एक शब्द न काढता. बाहेर येऊन गाडीत बसले आणि सवयीने वाटलं, ही गंमत आधी रशीदभाईंना सांगावी... मग आठवलं, आणि गाडी पनवेलच्या रस्त्याला लावली.

पनवेलच्या मोहल्ल्यात पोचले तेव्हा जनाजा निघून गेला होता. बायका कब्रस्तानात जात नाहीत, म्हणून मी आतल्या खोलीत भाभींजवळ बसले. किती दिवस आजारी होते, असं विचारलं तर कळलं की पावसाळ्याच्याही आधीपासून. किडन्या गेल्या होत्या. सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं, वायर विकणाऱ्या दुकानदाराला ठाऊक होतं, माझ्या शेडमधल्या बायकांनाही कुणकूण होती. "मला का नाही कळवलंत?" मी विचारलं. भाभींनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "तेच नको म्हणाले. म्हणाले, सुमनबाय येईल आणि डॉक्टरशी भाव करत बसेल. मला आरामात जाऊ दे." खोलीतल्या बायका रडता रडता हसल्या. मीही हसले. पण मयताच्या घरात येऊ नये ती गोष्ट मला आली, राग आला. या माणसाने मला आधी न सांगण्याची ही दुसरी वेळ होती. पहिल्या वेळेचा हिशेब अजून मिटला नव्हता, आणि आता तो मिटवायला समोर माणूसच उरला नव्हता.

मी मिठागरावरच्या घरातली. आमची जमीन गेली, मोबदला आला, तो भावांत वाटला गेला आणि मला एक साडी मिळाली. त्यानंतर मी कुणाकडे काही मागितलं नाही. जे घेतलं ते भांडून घेतलं. तळोज्यात पाळीवरच्या कामगारांना डबे पोचवायचे. जेवताना माणसं मोकळी बोलतात. कुठला कारखाना बंद पडतोय, कुठलं मशीन गंजत पडलंय, हे मला दलालांच्या आधी कळायला लागलं. एका मशिनापासून सुरुवात केली आणि हळूहळू शेड झाली. मग मोठ्या गाड्यांच्या कारखान्यांतून जुने रोबो बाहेर पडायला लागले. एक लांब लोखंडी हात, कोपरात वाकणारा, उचलतो आणि ठेवतो. मोठ्या कारखान्यात तो जाळीच्या पिंजऱ्यात असतो, माणूस जवळ जातच नाही. पण माझ्या गिऱ्हाइकाकडे पिंजऱ्याला जागा कुठली? त्याच्या शेडमध्ये माल पुढे नेणाऱ्या पट्ट्याच्या एका बाजूला रोबो आणि दुसऱ्या बाजूला खोकी भरणाऱ्या बायका, हाताला हात लागेल अशा. पहिले दोन रोबो गिऱ्हाइकांनी परत पाठवले. बायका घाबरतात, बटणं कुणाला कळत नाहीत, पॅनेल बघून गरगरतं, अशा तक्रारी. तेव्हा कुणीतरी रशीदभाईंचं नाव सांगितलं. खाडीकडच्या बाजूला त्यांचं पॅनेल बनवायचं छोटं दुकान होतं. पॉलिटेक्निक शिकलेले, बरीच वर्षं आखातात नोकरी करून परत आलेले.

ते माझ्या शेडवर आले, आणि मशिनाला त्यांनी हातही लावला नाही. मशिनं चालवून बघायला मी तिथे एक पट्टा लावला होता, त्यावर काही बायका बाहेरून आलेल्या मालाची खोकी भरायच्या. स्टुलावर बसून पट्ट्यावरच्या बायकांकडे बघत राहिले. जेवणाची सुट्टी झाली, चहा झाला, तरी बघतच होते. माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर म्हटलं, "भाई, मशीन बघायला आलात की बायका?" बायका तोंडाला पदर लावून हसल्या. त्यांनी मान न वळवता उत्तर दिलं, "मशीन मला माहीत आहे. ते कुठे जाणार ते ठरलेलंय. माणसाचा हात कुठे जाणार ते ठरलेलं नाही, ते बघतोय." आणि मग त्यांनी मुद्दाम हातातला पत्र्याचा डबा जमिनीवर आपटला. सगळ्या दचकल्या. एकीचाही हात मशीन थांबवायच्या समोरच्या लाल बटणाकडे गेला नाही. सगळ्या मागे सरकल्या, दोघींनी छातीला हात लावला. "बघितलंत?" ते मला म्हणाले. "लाल बटण पुढे आणि घाबरलेली बाई मागे. हे बटण ज्याने बसवलं तो कधी घाबरला नसणार."

त्यांनी बायकांच्या पाठीमागे, कमरेच्या उंचीवर, रबराची एक जाड पट्टी बसवली. बाई दचकून मागे सरकली की पट्टी दबते आणि रोबो जागच्या जागी थांबतो. तिने काही शोधायचं नाही, काही आठवायचं नाही. आज हे वाचणाऱ्याला साधं वाटेल. मलाही तेव्हा साधं वाटलं, आणि साध्या गोष्टीला एवढे दिवस का लागले म्हणून मी त्यांच्याशी भांडले. पॅनेलवरची अर्धी बटणं त्यांनी काढून टाकली. प्रत्येक गोष्टीला वाजणारा भोंगाही काढला. मी म्हटलं, भोंगा असू द्या, गिऱ्हाइकाला मशीन भारी वाटतं. तर म्हणाले, "जे रोज ओरडतं त्याला कोण घाबरतं, सुमनबाय? तुमचंच बघा ना." शेडभर हशा झाला. मी त्या दिवशी त्यांना चहा दिला नाही.

तसे ते काही गोड माणूस नव्हते. हट्टी होते. कामाला वेळ लावायचे आणि विचारलं की आणखी वेळ लावायचे. न पटलेली गोष्ट समोर बोलायचे नाहीत, गुमान निघून जायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यांना हवं तसंच करून ठेवायचे. भाव करायला तर अगदी कच्चे. मी एक आकडा म्हटला की त्यांचा चेहरा पडायचा आणि ते "बरं, तुम्ही म्हणाल तसं" म्हणून सुटका करून घ्यायचे. असा माणूस समोर असला की मला चेव येतो, हे मी लपवत नाही. कामाबद्दल इतकं जपणारा माणूस आखातात काहीतरी वाईट बघून आला असणार असं मला नेहमी वाटायचं. एकदा विचारलंही, "तिकडे काय बघितलंत, भाई?" ते म्हणाले, "ऊन." विषय संपला.

आमच्याकडे दसऱ्याला मशिनांची पूजा होते. तळोज्यातला कुठलाही कारखाना घ्या, त्या दिवशी रात्रपाळीचा साहेबसुद्धा कपाळाला गंध लावून येतो. माझ्या एका गिऱ्हाइकाकडे बायकांनी रोबोला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं. रोबोला बायका जावई म्हणायच्या, कारण तो एकच काम करतो, तेही रुबाबात, आणि सगळ्यांनी त्याला सांभाळून घ्यायचं. तर जावयाच्या तोंडावर कुंकू लावायला हवं. तोंड कुठलं? जिथे काचेचा डोळा आहे ते. तो डोळा माणूस जवळ आला की बघतो आणि हात थांबवतो. डोळ्यावर कुंकू, डोळ्यासमोर हार लोंबतोय. जावई हलेचना. मालकाच्या घरची मंडळी नटूनथटून बघायला आलेली. मग तिथल्या सुपरवायझरने दुरुस्तीची किल्ली फिरवून डोळा बंद केला आणि हार घातलेला रोबो सगळ्यांना चालवून दाखवला. टाळ्या पडल्या, पेढे वाटले. किल्ली पुन्हा फिरवायची राहून गेली. सुट्टीनंतर मंदा नावाची आमच्या गावाकडची बाई पडलेलं खोकं उचलायला वाकली आणि रोबोचा हात तिच्या मनगटावर आला. हाड मोडलं.

रशीदभाई तिला बघायला गेले तेव्हा मी बरोबर होते. मला वाटलं, आता हे पूजेवरून बोलणार. मी स्वतः बोलायच्या तयारीत होते. गिऱ्हाइकाला लिहून द्यायचं, मशिनाला हार घालायचा नाही, पाटीच लावायची. मंदा पलंगावरून म्हणाली, "पाटी लावा का ढोल वाजवा, दसऱ्याला आमी कुकू लावल्याबिगर ऱ्हानार नाय. वरीसभर ज्याच्या बाजूला उभं ऱ्हायचं, त्याला नुसतंच ठेवायचं काय?" रशीदभाई म्हणाले, "बरोबर आहे." आणि पुढच्या रोबोच्या पायाशी, डोळ्यापासून लांब, त्यांनी पितळेची एक लहान चकती ठोकली आणि वर एक आकडा बसवला. कुंकू चकतीवर, हार आकड्याला. किल्लीचंही बदललं. डोळा बंद असेल तर ती कुलपातून निघतच नाही, आणि किल्ली अडकलेली असेल तर रोबो गोगलगायीसारखा चालतो. मी चिडवलं, "भाई, मशिनात देव्हारा बसवलात!" ते म्हणाले, "लोक जे करणारच आहेत त्याला जागा द्यायची. नाही दिली तर ते डोळ्यावर करतील." नमाजी माणूस होते. पूजेच्या वेळी बाजूला उभे राहायचे, हात मागे बांधून. पेढ्याच्या वेळी मात्र सगळ्यात पुढे. मंदाला नंतर मी माझ्याच शेडमध्ये कामाला घेतलं. ती दर दसऱ्याला त्यांच्या वाट्याचा पेढा वेगळा काढून ठेवायची.

आता ती न सांगण्याची पहिली वेळ. औषधांची खोकी भरणाऱ्या एका कारखान्याने माझ्याकडे रोबोंची अख्खी ओळ मागितली. असं काम मला पूर्वी मिळालं नव्हतं, पुढे मिळेल असंही नव्हतं. त्या मालकाशी मी महिनोन्महिने झुंजले होते. त्याच्या ऑफिसातून दोनदा उठून आले, दोनदा त्याने परत बोलावलं. शेवटी माझ्या अटींवर सौदा झाला. मशीन ताब्यात द्यायच्या दिवशी माझी शेड झाडून पुसून लख्ख केलेली, मालक त्याच्या साहेबांना घेऊन आलेला, नारळ ठेवलेला. मी रशीदभाईंना म्हटलं, "चला भाई, चालू करा." ते जागचे हलले नाहीत. किल्ली शर्टाच्या खिशात टाकली आणि माझ्याकडे न बघता त्या मालकाला म्हणाले, "साहेब, हे मशीन आज घेऊ नका. अजून माणसाजवळ उभं करण्यासारखं झालेलं नाही." मग त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. वीज जाते आणि परत येते, तेव्हा रोबोचा हात कधी कधी आपली जागा शोधायला वीतभर स्वतःहून सरकतो. कालच संध्याकाळी वीज गेली होती, तेव्हा लक्षात आलं. वीज गेल्यावर बायका हात आत घालून अडकलेली खोकी काढतात. नेमक्या तेव्हा वीज आली तर?

मालक निघून गेला. तोंडावर चांगलं बोलला, पण पुन्हा आला नाही. त्याने ते काम दुसऱ्याला दिलं.

सगळे गेल्यावर मी रशीदभाईंना पकडलं. माझा आवाज रस्त्यापर्यंत जात असणार. "काल संध्याकाळी कळलं होतं ना? मग मला फोन करता आला नाही? मशीन माझं, शेड माझी, गिऱ्हाईक माझं, आणि मला त्या उपऱ्या माणसाबरोबर कळतंय!" ते चष्मा पुसत उभे होते. म्हणाले, "तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही माझ्याशी भाव केला असता, सुमनबाय. आज देऊन टाकू, पुढच्या आठवड्यात दुरुस्त करू, असं म्हणाला असता. आणि तुमच्यापुढे मी आजवर कधी टिकलोय?" मी म्हटलं, "एवढीच ओळख पटली तुम्हाला माझी?" त्यांनी चष्मा घातला आणि हत्यारांची पेटी उघडून त्याच मशिनाच्या कामाला बसले.

काम हातचं गेलं याचं दुःख झालं, नाही कशाला म्हणू? पण कामं येतात, जातात. माझ्या मनात रुतलं ते वाक्य. मी भाव करते. मी भाजीवालीशी करते, ट्रकवाल्याशी करते, पोरीच्या लग्नात मांडववाल्याशी केला. पण मंदाचं मनगट प्लास्टरमध्ये बघून आलेली मी, त्या मनगटावर भाव केला असता? त्यांना तसं वाटलं. इतकी वर्षं एका शेडमध्ये चहा प्यालेल्या माणसाला तसं वाटलं. मी नाही म्हटलं असतं की हो, हे आता कुणीच सांगू शकत नाही, कारण मला विचारलंच गेलं नाही. माझा होकारही गेला आणि नकारही. त्यांनी मशीन थांबवलं ते बरोबरच केलं, आजही तसंच म्हणते. पण ते थांबवण्याची संधी माझीही होती.

त्यानंतर कित्येक दिवस ते शेडमध्ये येऊन त्या मशिनावर काम करत राहिले. त्याचे पैसे घेतले नाहीत, आणि मीही देऊ केले नाहीत. चहा बाहेर टपरीवर जाऊन प्यायचे. त्यांनी अशी रचना केली की वीज परत आली तरी रोबो मेल्यासारखा उभा राहतो. कुणीतरी माणसाने उठायचं, त्याच्याभोवती फिरायचं, खाली वाकून आत कुणाचा हात नाही ना ते बघायचं. हिरवं बटण त्यांनी मुद्दाम पलीकडच्या बाजूला बसवलं, पूर्ण फेरी मारल्याशिवाय हात पोचत नाही असं. ते झाल्यावर त्यांनी पेटी उचलली आणि यायचे थांबले. मी बोलावलं नाही. ते यावेत असं वाटत होतं, पण आधी त्यांनी ते वाक्य मागे घ्यावं, मग चहा टाकू, असा माझा हिशेब. शेवटचे दिसले ते पनवेलच्या मासळी बाजारात. पार वाळले होते. मी कोळणीशी पापलेटावरून हुज्जत घालत होते, ते थोडं लांब उभे राहून ऐकत होते. "बारीक झालात," मी म्हटलं. "भाव उतरलाय माझा," ते म्हणाले. मला हसू येत होतं, पण मी दाबलं. वाटलं, आता म्हणतील, आता म्हणतील... ते म्हणाले, "पापलेट ताजं नाही, सोडा ते," आणि पिशवी सावरत गेले.

त्यांना जाऊन आता काही आठवडे झालेत. परवा करंजाड्याचा एक फरसाणवाला रोबो बघायला आला. तरुण, चलाख, भाव करायला माझ्या तोडीचा. बऱ्याच दिवसांनी मजा आली. किमतीवर भांडलो, पोचवण्याच्या खर्चावर भांडलो, दोघांनीही उठून जायचं नाटक केलं. सगळं जुळलं. मग तो सहज म्हणाला, "ताई, फक्त एक करा. आमच्याकडे लाइट सारखी जाते. दरवेळी माणूस उठून चक्कर मारणार, वाकून बघणार, म्हणजे माझा माल किती थांबणार? लाइट आली की आपोआप चालू होईल असं करून द्या." मी नाही म्हटलं. तो हसला, त्याला वाटलं ही आणखी ताणतेय. त्याने स्वतःहून भाव चढवला. मी पुन्हा नाही म्हटलं. "अहो, निदान बटण तरी अलीकडे घ्या!" मी म्हटलं, तेही नाही. मग त्याला कळलं की हा भाव नाही, आणि तो चिडून गेला. कुणाकडून तरी करून घेईल म्हणाला. घेईलही.

तो गेल्यावर मी ऑफिसात येऊन बसले. शेडमध्ये मंदा आणि बाकीच्या आपल्या कामात होत्या, कुणी काही ऐकलं नव्हतं. आणि आज नाही म्हटलं म्हणून त्या दिवशीही म्हटलं असतं असं काही सिद्ध होत नाही, एवढं मलाही कळतं. आजचा दिवस वेगळा, आजचं गिऱ्हाईक लहान, आणि आज ते गेलेले. रशीदभाई असते तर चष्मा पुसत हेच म्हणाले असते, किंवा काहीच म्हणाले नसते. त्यांचं न बोलणं मला चांगलं ओळखता यायचं. ते ऐकवायलाही आता कुणी नाही.

इतक्यात वीज गेली. तळोज्यात जाते तशी, न सांगता. पंखे मंदावले, पट्टा थांबला, बायका बोलत उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने दिवे लागले, पंखे फिरले, कुणाचा तरी फोन वाजायला लागला. फक्त रोबो उभा, कोपरात वाकलेला, माणसाची वाट बघत. मंदा उठली. पदर खोचून तिने त्याच्याभोवती फेरी मारली, वाकून खाली बघितलं, आत बघितलं, मोडून जुळलेल्या मनगटावर दुसरा हात धरून पलीकडे गेली. आणि हिरवं बटण दाबायच्या आधी हळूच म्हणाली, "बिस्मिल्ला." मी ऑफिसातून ओरडले, "काय गो, काय बोलल्येस?" ती वळून म्हणाली, "भाय रोज बोलायचं. आमी तेंचं बघूनच शिकलो. तसं बोलल्याबिगर दाबायचं नाय, असाच वाटतं." बाकीच्या माना डोलावत होत्या. इतके दिवस मी पंधरा पावलांवर बसते आणि हे मला ठाऊक नव्हतं. हेही मला आधी कुणी सांगितलं नाही.

रोबोचा हात सावकाश हलला. मी ऑफिसचं दार लोटून घेतलं.